पहिल्या प्रॅक्टिकलला टर्मिनल उघडावं का?

डिप्लोमाच्या मुलांना सी भाषा शिकवताना पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर काय ठेवायचं, यावर माझा आणि माझ्या सरांचा जुना वाद आहे. सर तंत्रनिकेतनात शिकवतात, आता निवृत्तीला आलेत. मी त्यांच्याच हाताखाली सी शिकले आणि आज पुण्यात मायक्रोकंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर लिहिते. सरांचं म्हणणं असं की मुलांना एक तयार खिडकी द्यावी. तिथेच लिहायचं, एक कळ दाबायची, उत्तर बघायचं. माझं म्हणणं असं की पहिल्या तासापासून मुलांनी टर्मिनल उघडावं आणि कंपायलरची आज्ञा स्वतःच्या हातानं टाइप करावी. सरांना यंदा प्रॅक्टिकलची पुस्तिका नव्यानं लिहायची आहे, त्यामुळे या वादाचा निकाल लावणं भाग पडलं. मी एका बाजूची आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. सरांचे मुद्दे मात्र मी त्यांच्याच जोरानं मांडले आहेत, कारण ते वर्गातून आलेले आहेत आणि त्यातले काही मला आजही खोडता येत नाहीत.

(कंपायलरच्या आज्ञा पडद्यावर रोमन लिपीत असतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.)

सर : तू एकदा पहिल्या आठवड्यात माझ्या लॅबमध्ये येऊन उभी राहा. बॅचमधल्या निम्म्या मुलांनी की-बोर्डला कधी हात लावलेला नसतो. मोबाइल मात्र सगळ्यांकडे. फाइल कुठे सेव्ह केलीस असं विचारलं की मुलगा नुसता बघत राहतो. मोबाइलवर फोटो गॅलरीत दिसतो, तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे त्याला कधी बघावं लागलेलं नाही. अशा मुलाला तू सांगणार, टर्मिनल उघड, ‘सीडी’ करून फोल्डरमध्ये जा, मग ‘जीसीसी’ हे कंपायलरचं नाव लिही, जागा सोड, ‘-ओ’ लिही, प्रोग्रॅमचं नाव दे, मग फाइलचं नाव दे. दोन तास संपतात आणि पडद्यावर काय उरतं? ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. सी राहिली बाजूलाच.

मी : सर, फाइल आणि फोल्डर म्हणजे काय हे त्याला कधीतरी कळायला हवंच ना? खिडकीतलं बटण दाबून तो अडचण टाळतो, पण ती जात नाही. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट करताना चार फाइल जोडायची वेळ येते आणि मग तिथे अडतो.

सर : तिसऱ्या वर्षी अडला तर त्याच्यापाशी दोन वर्षांची शिदोरी असते. पहिल्या आठवड्यात अडला तर तो म्हणतो, हे आपल्याला जमणार नाही. मी अशी मुलं पाहिली आहेत. बारीकसारीक गोष्टींनी त्यांचा धीर सुटतो. एक उदाहरण सांगतो. मुलं पहिल्या प्रोग्रॅमला हमखास ‘टेस्ट’ नाव देतात. कंपाइल होतो. चालवताना पुढे ‘डॉट स्लॅश’ लावायला विसरतात. मग त्यांच्या प्रोग्रॅमऐवजी शेलची स्वतःची ‘टेस्ट’ नावाची आज्ञा चालते. पडद्यावर काही उमटत नाही, एररही येत नाही. मुलगा आपला कोड तीनतीनदा तपासतो आणि कोड तर बरोबरच असतो! यातून तो सी भाषेचं काय शिकला?

हे उदाहरण खरं आहे, आणि लिनक्सवर शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ओळखीचं वाटेल. चालू फोल्डरमधला प्रोग्रॅम नुसत्या नावानं चालत नाही, कारण सुरक्षेसाठी शेल तिथे शोधतच नाही. कारण योग्य आहे, पण पहिल्या दिवशीच्या मुलाला ते कोण सांगणार?

मी : सांगायचं कुणी, तर पुस्तिकेनं. ‘प्रोग्रॅमला टेस्ट हे नाव देऊ नका, चालवताना डॉट स्लॅश लावा’ ही एक ओळ आहे. असे पाच-सहा खड्डे आहेत आणि ते सगळे आपल्याला माहीत आहेत. ते आधीच बुजवता येतात.

सर : आणि ‘-ओ’ चं काय? त्याच्यापुढे चुकून दुसऱ्याच सी फाइलचं नाव पडलं की कंपायलर त्या फाइलवर तयार प्रोग्रॅम लिहून टाकतो. मुलाचा तासाभराचा कोड गेला. शिवाय लहान ‘ओ’ वेगळा, मोठा ‘ओ’ वेगळा. लहान म्हणजे आउटपुटचं नाव, मोठा म्हणजे ऑप्टिमायझेशन. ही काय नवशिक्यासाठी केलेली रचना आहे?

मी : नाही, नवशिक्यासाठी नाहीच. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची आणि केन थॉम्प्सन यांनी ती स्वतःच्या कामासाठी केली. काही नाव दिलं नाही तर प्रोग्रॅम ‘ए.आउट’ नावानं तयार होतो, तेही त्या काळचंच. ए.आउट म्हणजे असेंब्लरचं आउटपुट. त्यांच्या पीडीपी-7 या संगणकावर प्रोग्रॅमचे भाग जोडणारा लिंकरच नव्हता, असेंब्लरमधून निघेल तो थेट चालवायचा. पन्नास वर्षांहून जास्त झाली, नाव तेच आहे.

सर : म्हणजे इतिहासाचं ओझं माझ्या मुलांनी उचलायचं.

मी : सर, सी भाषाच त्या ओझ्यासकट आली आहे. 1973 मध्ये युनिक्स सीमध्ये लिहिलं गेलं. भाषा, कंपायलर आणि शेल ही एकाच खोलीत वाढलेली भावंडं आहेत. यातलं एक उचलून दुसऱ्याच्या घरी नेलं की त्याचं अर्धं वागणं कळेनासं होतं.

सर : मग टर्बो सीनं आम्हाला काय अर्धवट शिकवलं? बोरलँडनं ते 1987 मध्ये आणलं. त्याच्या आधी एका प्रोग्रॅममध्ये लिहायचं, दुसऱ्यानं कंपाइल करायचं, तिसऱ्यानं जोडायचं आणि मध्ये फ्लॉपी बदलत बसायचं. टर्बो सीनं ते सगळं एका निळ्या पडद्यात आणलं. कंट्रोल एफ नाइन दाबलं की प्रोग्रॅम चालला. चूक झाली की कर्सर बरोबर त्या ओळीवर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ शेजारी उघडं ठेवून आमच्यासारख्या गावाकडच्या पोरांनी या भाषेत पहिलं पाऊल टाकलं. तो निळा पडदा नसता तर मी आज शिक्षक नसतो.

मी : ते मी नाकारत नाही. पण त्या टर्बो सीसोबतसुद्धा ‘टीसीसी’ नावाचा कमांड लाइन कंपायलर मिळत होता, ‘टीलिंक’ नावाचा लिंकरही होता. आमच्या बॅचमध्ये ते कुणाला ठाऊकच नव्हतं. कळ दाबली की काहीतरी होतं, एवढंच कळायचं. आणि तो पडदा आता नाही. 64 बिटी विंडोज 16 बिटी प्रोग्रॅम चालवत नाही, म्हणून लोक डॉसबॉक्समध्ये जुनं डॉस उभं करतात आणि त्यात टर्बो सी चालवतात. मुलं अजून ‘व्हॉइड मेन’ लिहितात, ‘क्लिअरस्क्रीन’ लिहितात, शेवटी ‘गेटसीएच’ लावतात. यातलं काहीच सीच्या प्रमाणात नाही. 1989 मध्ये अमेरिकेत आन्सीचं प्रमाण ठरलं, मग 1999, 2011 अशी आवर्तनं आली, आणि ताजं प्रमाण 2024 मध्ये छापलं गेलं. आपल्या पुस्तिका मात्र पहिल्या आवर्तनाच्याही अलीकडे-पलीकडे घुटमळतायत.

सर : आकड्यांचा फरक मी मुलांना सांगतो. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटचा, म्हणून आठचं फॅक्टोरियल काढलं की 40320 ऐवजी उणे 25216 येतं. जीसीसीत इंट चार बाइटचा असतो, म्हणून बारापर्यंत निभावतं. तेराला पुन्हा तेच.

मी : हो, 6227020800 ऐवजी 1932053504. आणि हे उत्तर जास्त घातक आहे, कारण ते उणे नाही, बघून संशयही येत नाही.

सर : मग फरक काय? चूक तिकडेही, इकडेही.

मी : फरक असा की जीसीसीला विचारता येतं. आज्ञेत ‘-एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड’ एवढं जोडायचं आणि प्रोग्रॅम चालवायचा. तो ओळीचा क्रमांक देऊन सांगतो की साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लो झाला, 479001600 गुणिले 13 हे इंटमध्ये बसत नाही. मुलाला कुठल्या फेरीत, कुठल्या गुणाकाराला गाडी घसरली हे समोर दिसतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, शिकत असताना हे हाताशी असतं तर किती रात्री वाचल्या असत्या.

सर : असे पर्याय खिडकीतल्या सेटिंगमध्येही देता येतात.

मी : येतात. तीन मेन्यूंच्या आत. मुलगा तिथे कधी जात नाही, कारण तिथे काय आहे हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. आज्ञेत लिहिलेला पर्याय त्याच्या डोळ्यांसमोर असतो, जर्नलमध्ये उतरवता येतो, मित्राला फोनवर सांगता येतो.

इथे थोडं थांबून एक गोष्ट जवळून दाखवते, कारण माझा सगळा भर तिच्यावर आहे. आपल्याकडे पहिल्या महिन्यात सगळ्यांत जास्त होणारी चूक कोणती, तर ‘स्कॅनएफ’ मध्ये चलाच्या नावाआधी ‘&’ लावायला विसरणं. सीच्या व्याकरणाप्रमाणे ते वाक्य चालतं, म्हणून कंपायलर अडवत नाही. प्रोग्रॅम चालू होतो, मुलगा आकडा टाइप करतो आणि लिनक्सवर बहुधा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येऊन सगळं बंद पडतं. डॉसमध्ये तर मेमरीला कुंपणच नव्हतं. आकडा कुठेतरी भलतीकडे लिहिला जायचा, पुढे काय होईल ते नशीब. आता हीच फाइल ‘जीसीसी -वॉल -ओ बेरीज बेरीज.सी’ अशी कंपाइल करा. जीसीसी फाइलचं नाव, ओळ आणि अक्षराचा क्रमांक देतो आणि सांगतो की ‘%डी’ ला ‘इंट *’ जातीची वस्तू हवी होती, दुसऱ्या जागी ‘इंट’ मिळाली. त्याखाली ती ओळ पुन्हा छापतो आणि चुकीच्या जागेखाली खूण करतो. (‘-वॉल’ मध्ये नावाप्रमाणे सगळे इशारे येत नाहीत. उरलेल्यांपैकी बरेच ‘-वेक्स्ट्रा’ लावल्यावर येतात.)

सर : संदेश चांगला आहे. पण वाचणार कोण? पॉइंटर माझ्याकडे शेवटच्या महिन्यात येतो. दुसऱ्या आठवड्यात ‘इंट स्टार’ वाचून मुलगा काय समजणार? आणि हे सगळं इंग्रजीत. माझी मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात. लाल अक्षरात इंग्रजी दिसलं की ती वाचतच नाहीत, थेट मला हाक मारतात, ‘सर, एरर आलाय.’ काय एरर आलाय, तर ‘माहीत नाही.’

हा सरांचा सगळ्यांत जड मुद्दा. यावर पटकन उत्तर देणं अन्यायाचं होईल.

मी : ‘इंट स्टार’ त्याला लगेच कळणार नाही, मान्य. पण सहाव्या ओळीत दुसऱ्या जागी काहीतरी भलतं दिलंय, एवढं कळेल. ‘&’ लावला की इशारा जातो हे कळेल. अर्थ पॉइंटरच्या धड्यात येईल आणि तेव्हा त्याच्या डोक्यात त्याच्यासाठी जागा तयार असेल. इंग्रजीचं म्हणाल तर कंपायलरचं शब्दभांडार फार छोटं आहे. एक्स्पेक्टेड, बिफोर, अनडिक्लेअर्ड, अनयूज्ड, इम्प्लिसिट, अनडिफाइन्ड रेफरन्स. वर्षभर हीच मंडळी फिरून फिरून भेटतात. पुस्तिकेच्या शेवटी दोन पानं द्या: डावीकडे संदेश, उजवीकडे मराठीत अर्थ आणि बहुधा कुठे चुकलं असेल ते. हे काम मी करून देते.

सर : तू करून देशील?

मी : हो, सर.

सर : हे मात्र पाहिजे. (सरांनी इथे वहीत नोंद केली.) पण मला एक सांग, संदेश तर खिडकीतही येतात. मग टर्मिनलचा आग्रह का?

मी : कारण खिडकी इशारा खाली कोपऱ्यात दाखवते आणि तरी प्रोग्रॅम चालवते. मुलाची नजर उत्तराकडे जाते. टर्मिनलवर कंपाइल करणं आणि चालवणं या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली दिल्यावर कंपायलर काहीच बोलला नाही तरच दुसरी द्यायची, ही सवय लागते.

सर : सवयीचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पुढे बोल.

मी : दुसरं म्हणजे, कंपाइल करणं ही एक क्रिया नाही, चार आहेत. टर्मिनलवर त्या एकेक करून थांबवता येतात. ‘-ई’ दिलं की फक्त प्रीप्रोसेसर चालतो. बेरजेचा आठ ओळींचा प्रोग्रॅम शेकडो ओळींचा होऊन पडद्यावर येतो, कारण ‘एसटीडीआयओ’ हेडरमधला सगळा मजकूर तिथे ओतला जातो. मुलांना त्यात ‘प्रिंटएफ’ शोधायला सांगा. सापडतं, पण फक्त एक ओळ: हे फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं. फंक्शन स्वतः तिथे नाही. मग ‘-एस’ द्या, असेंब्ली मिळते. त्यात गंमत अशी की नुसतं वाक्य आणि शेवटी नवी ओळ एवढंच छापायचं असेल तर प्रिंटएफच्या जागी ‘पुट्स’ला बोलावलेलं दिसतं. कंपायलरनं परस्पर हलकं काम निवडलेलं असतं. मग ‘-सी’ द्या, ऑब्जेक्ट फाइल मिळते, ती चालत नाही. आणि शेवटी लिंकर.

सर : लिंकरचं नाव काढलंस म्हणून बोलतो. ‘मॅथ’ हेडर घातलं, वर्गमूळ काढलं, सगळं बरोबर लिहिलं, तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. आज्ञेच्या शेवटी ‘-एलएम’ लावायचं राहिलं. आणि गंमत बघ, त्याच मुलानं चलाऐवजी थेट 2 चं वर्गमूळ लिहिलं असतं तर कंपायलरनं आधीच हिशेब करून ठेवला असता आणि ‘-एलएम’ शिवाय चाललं असतं. शेजारच्या मुलाचं चालतं, याचं चालत नाही. ही शिक्षा आहे, शिक्षण नाही.

मी : सर, मला वाटतं सी शिकवण्यातली सगळ्यांत चांगली जागा हीच आहे. हेडर म्हणजे दुकानाची पाटी, माल गोदामात. पाटी वाचून कंपायलरचं समाधान झालं, लिंकर गोदामात गेला आणि त्याला माल मिळाला नाही, कारण कुठल्या गोदामात जायचं हे आपण सांगितलंच नाही. ज्या मुलाला हे एकदा कळलं त्याला ‘इन्क्लूड’ आणि लायब्ररी यांत पुन्हा गोंधळ होत नाही. नोकरीला लागलेली कितीतरी मुलं मी पाहते, हेडर घातलं म्हणजे लायब्ररी आली असं समजणारी. खिडकीत बऱ्याचदा ‘-एलएम’ स्वतः लावावं लागत नाही, म्हणून त्यांना ते कधी भेटलंच नाही.

सर : पण तुझा जीसीसीसुद्धा बटणच आहे की. तो स्वतः थोडाच कंपाइल करतो? आत ‘सीसी1’ चालतो, असेंब्लर चालतो, लिंकर चालतो. तुला ते दिसत नाहीत. तू एका झाकणाला नावं ठेवतेस आणि दुसऱ्यावर विश्वास टाकतेस. आणि तळाशी जायचंच म्हटलं तर केन थॉम्प्सनचं 1984 मधलं ट्युरिंग व्याख्यान वाच. कंपायलरमध्ये अशी फट लपवता येते की जी मूळ कोडमध्ये शोधून सापडणारच नाही. मग तू कुठवर जाणार?

मी : कुठवर जायचं याला शेवट नाही, हे खरं. पण झाकणा-झाकणात फरक आहे. जीसीसीला ‘-व्ही’ म्हटलं की आतल्या प्रत्येक आज्ञेची ओळ तो छापून दाखवतो. ‘-सेव्ह-टेम्प्स’ म्हटलं की मधल्या सगळ्या फाइल ठेवून देतो. एवढंही पुरलं नाही तर त्याचा मूळ कोड उघडा आहे. रिचर्ड स्टॉलमननं 1987 मध्ये तो बाहेर आणला तोच या अटीवर, की कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. आयआयटी मुंबईत उदय खेडकरांनी जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं आणि जीसीसीच्या आतली रचना शिकवली. हे आपल्या पवईत घडलं, सर. हा कंपायलर वाचायला मोकळा होता म्हणूनच घडलं.

सर : ते ठाऊक आहे मला. आणि आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये सीचे पाठ जीसीसीवर आहेत, मराठी आवाजातही. माझी काही मुलं तेच बघतात. हा मुद्दा तुझ्या बाजूचा, मीच देतो.

यानंतर सरांनी डीबगरचा विषय काढला, आणि तिथे माझ्याकडे फारसं उत्तर नव्हतं.

सर : लूप शिकवताना मला एकेक ओळ पुढे सरकवायची असते आणि ‘आय’ ची किंमत बदलताना दाखवायची असते. खिडकीत ते डोळ्यांसमोर घडतं. तुझ्या ‘जीडीबी’ त मुलानं ‘ब्रेक’, ‘नेक्स्ट’, ‘प्रिंट’ लिहीत बसायचं?

मी : इथे तुमचं बरोबर आहे. लूप समजायला चित्र हवं, आणि चित्र खिडकी चांगलं दाखवते. कामावर मीसुद्धा डीबग करताना खिडकीच वापरते. फक्त एवढंच लक्षात आणून द्या की ‘-जी’ लावून कंपाइल केलं नसेल तर त्या खिडकीलाही ओळी दिसत नाहीत.

सर : आणि तुझं कामावरचं बाकी? तिथे खरंच कुणी आज्ञा टाइप करतं?

मी : रोज. एसटीएम32 मालिकेतल्या ज्या छोट्या चिपवर अनेक मुलं प्रोजेक्ट करतात, तिच्यात 64 किलोबाइट फ्लॅश आणि 20 किलोबाइट रॅम असते. तिला ना पडदा, ना की-बोर्ड. तिच्यासाठीचा प्रोग्रॅम पीसीवर क्रॉस कंपायलरनं तयार करतात, आणि तोही जीसीसीच, फक्त एआरएमसाठीचा. खिडकी वापरली तरी बटणाखाली तीच आज्ञा चालते आणि खालच्या चौकटीत छापली जाते. प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये मावेनासा झाला की ती ओळ वाचावी लागते. ‘-ओएस’ लावलाय का, नको असलेली लायब्ररी जोडली गेलीय का, ‘साइझ’ आज्ञा काय आकडे देते. नव्यानं लागलेली मुलं हुशार असतात, पण त्या ओळीकडे परक्या लिपीसारखी बघतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण पहिल्या वर्षी एक-दोन प्रॅक्टिकलांत हे होण्यासारखं आहे.

सर : ‘गेट्स’ बद्दल बोलली नाहीस अजून.

मी : तुम्हीच काढलात म्हणून. अजून कितीतरी पुस्तकांत नाव वाचून घ्यायला ‘गेट्स’ वापरतात. समोरून किती अक्षरं येणार हे त्याला कळत नाही, जागा संपली तरी लिहीत सुटतं. नोव्हेंबर 1988 मध्ये मॉरिस वर्म हा उपद्रवी प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला त्याची एक वाट हीच होती. 2011 च्या प्रमाणातून ते काढून टाकलं. आज लिनक्सवर वापरून बघा, लिंकरसुद्धा बजावतो की हे फंक्शन धोकादायक आहे. जीसीसी 14 पासून तर न सांगितलेलं फंक्शन वापरलं की नुसता इशारा येत नाही, कंपाइलच होत नाही. जुन्या पुस्तिकेतले अर्धे प्रोग्रॅम त्यावर पडतील.

सर : म्हणजे मुलांबरोबर शिक्षकांनाही अभ्यास आला.

मी : आला. आणि एक गोष्ट मला तुमच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी फार आवडते. लिनक्सच्या टर्मिनलवर प्रिंटएफमध्ये सरळ देवनागरीत लिहिता येतं. मुलगी पहिल्याच दिवशी स्वतःचं नाव मराठीत छापू शकते. डॉसच्या निळ्या पडद्यावर हे होत नव्हतं. मग तिला ‘नमस्कार’ची लांबी ‘स्ट्रलेन’नं मोजायला सांगा. उत्तर 21 येतं. ती विचारेल, एवढी अक्षरं कुठे आहेत? मग सांगा की सी अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते. पाय मोडल्याचं चिन्ह आणि काना धरून इथे सात खुणा आहेत, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची. सी भाषेचा स्वभाव इतका लख्ख दाखवणारा दुसरा धडा मला माहीत नाही.

सर : हे पुस्तिकेत घालतो. (पुन्हा नोंद.) पण माझ्या अटी ऐक. पहिल्या दोन प्रॅक्टिकलांना फोल्डर मी तयार करून देणार, टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडलेलं असेल. आज्ञेची ओळ छापलेलं कार्ड प्रत्येक टेबलावर चिकटवलेलं असेल. लूप आणि ॲरे शिकवताना मी खिडकीतला डीबगर वापरणार, त्यावर तू काही बोलायचं नाहीस. आणि ज्यांच्याकडे घरी संगणक नाही त्यांचं काय, ते सांग.

मी : अँड्रॉइडवर टर्मक्स बसतं, त्यात क्लँग नावाचा कंपायलर मिळतो. आज्ञा जवळजवळ याच. मोबाइलवर टाइप करणं त्रासाचं आहे हे खरं, पण आठ-दहा ओळींचा सराव होतो. विंडोजवाल्यांसाठी विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल आहे.

सर : अट शेवटची. परीक्षेत कंपायलरचे पर्याय पाठ करायला लावायचे नाहीत. मुलांनी ‘-वॉल’ची व्याख्या लिहावी असली परीक्षा मला नको.

मी : मलाही नको. उलट तोंडी परीक्षेत एक चुकलेला प्रोग्रॅम द्या, मुलानं तो समोर कंपाइल करावा, आलेला संदेश वाचून दाखवावा आणि कुठे चुकलंय ते मराठीत सांगावं.

सरांनी ही सूचना मान्य केली. डीबगरची अट मी मान्य केली. खिडकी कधी बंद करायची यावर आमचं अजून एकमत नाही. सर म्हणतात ती वर्षभर शेजारी राहू दे, मी म्हणते तिसऱ्या प्रॅक्टिकलनंतर लूपचे तास सोडले तर ती नको.

सी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माझी विनंती एवढीच आहे: पुढच्या सत्राच्या पहिल्या प्रॅक्टिकलला फळ्यावर ‘जीसीसी -वॉल -वेक्स्ट्रा’ ही ओळ लिहा, आणि जो विद्यार्थी कंपायलरचा इशारा वाचून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगेल त्याला बरोबर उत्तराइतकेच गुण द्या.